डागाळलेले दात आणि गावचे पाणी
(शिक्षकांच्या मासिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेत आरोग्याचा पाठ बहुधा प्रार्थनेनंतरच्या पाच मिनिटांत उरकला जातो. मुले रांगेत उभी राहतात, हात पुढे करतात, दात दाखवतात. ज्याची नखे वाढलेली, ज्याचा सदरा मळका, ज्याचे दात पिवळे, त्याला चार शब्द ऐकावे लागतात. त्या शब्दांमागे शिक्षकाचा हेतू चांगलाच असतो. परंतु चांगल्या हेतूने बोललेला शब्दही कधी कधी अन्यायाचा होतो, आणि तो कसा होतो हे विदर्भातील एका अध्यापक विद्यालयाच्या छात्राध्यापिकेने आपल्या टिपणवहीत मोठ्या प्रांजळपणाने लिहून ठेवले आहे. आजचा विषय त्या टिपणवहीवरून घेतलेला आहे.

ही विद्यार्थिनी सराव पाठांसाठी एका कोरडवाहू गावच्या शाळेत गेली होती. चौथीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. तिचे वाचन स्पष्ट, अक्षर वळणदार. मात्र समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. दंतनिगेचा पाठ चालू असता विद्यार्थिनीने तिला उभे केले आणि वर्गाला म्हटले, "दात रोज घासले नाहीत तर काय होते, ते पाहा." मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मी रोज घासते." वर्ग हसला. पाठ पुढे सरकला. निरीक्षकांनी पाठाला गुणही चांगले दिले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली ती सुजलेल्या हिरड्या घेऊन. घरी तिने राख आणि विटकरीची भुकटी घेऊन रक्त येईपर्यंत दात घासले होते. डाग तसेच होते. त्या दिवसापासून वाचनाच्या तासाला ती तोंडावर तळहात धरून वाचू लागली, आणि पुढे तिने वाचायला उठणेच सोडले.

विद्यार्थिनीने ही गोष्ट मुख्याध्यापकांना सांगितली. ते त्याच तालुक्यातले, वयाने वडील गृहस्थ होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाई, एकदा तिच्या घरी जाऊन या. सगळ्यांचे दात पाहून या."

विद्यार्थिनी गेली. मुलीचे घर ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीत होते. मुलीच्या वडिलांचे दात तिच्याइतकेच, किंबहुना अधिक, तपकिरी होते. आईचे दात मात्र पांढरे होते. ती लग्न होऊन दुसऱ्या गावाहून आलेली होती. आजीचे जे चार दात शिल्लक होते त्यांवरही पट्टे नव्हते. तिच्या लहानपणी वस्ती ओढ्याकाठच्या उथळ विहिरीचे पाणी पीत असे. पुढे ती विहीर आटली आणि वस्तीत हापशी आली. मुलीचे वडील आणि स्वतः मुलगी, दोघेही त्या हापशीच्या पाण्यावर वाढलेले होते. शेजारच्या घरांतही हेच दिसले. जी मुले लहानपणापासून त्या हापशीचे पाणी पीत होती त्यांच्या दातांवर पट्टे होते, आणि जी थोड्या वर्षांपूर्वी बाहेरून राहावयास आली होती त्यांच्या दातांवर ते नव्हते. त्या रात्री विद्यार्थिनीने वहीत लिहिले की, दात न घासल्याबद्दल जिला वर्गात उभे केले, तिचा अपराध एवढाच की ती त्या वस्तीत जन्मली.

पुढे विद्यार्थिनीने अध्यापक विद्यालयाच्या ग्रंथालयात या विषयाचा शोध घेतला. तेथे तिला कळले की असाच प्रश्न पूर्वी दुसऱ्या एका देशात पडला होता. १९०१ साली अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य व्यवसायासाठी आले. गावात जन्मलेल्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग असल्याचे पाहून ते चकित झाले. लोक कारणे सांगत. कोणी डुकराच्या मांसाला दोष देई, कोणी निकृष्ट दुधाला. मॅके यांनी वर्षानुवर्षे निरीक्षणे केली. प्रसिद्ध दंतशास्त्रज्ञ ग्रीन वर्डिमन ब्लॅक यांनीही १९०९ सालापासून त्यांना साहाय्य केले. या दोघांच्या ध्यानी आले की, डाग पडतात ते दात हिरडीच्या आत घडत असतानाच. मोठेपणी त्या गावी आलेल्या माणसाच्या दातांवर ते पडत नाहीत. हापशीजवळच्या घरातील आईचे पांढरे दात हीच गोष्ट सांगत होते.

विद्यार्थिनीला सर्वांत मोलाची वाटली ती आयडाहो प्रांतातील ओकली या गावची हकीकत. तेथे काही मैलांवरील कोमट पाण्याच्या झऱ्यावरून गावासाठी नळ आणला गेला, आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागल्याचे पालकांनी मॅके यांच्या कानावर घातले. मॅके यांनी त्या पाण्याची तपासणी करवून घेतली; तीत संशयास्पद असे काहीच आढळले नाही. तरीही १९२३ साली त्यांनी तो नळ सोडून जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा सल्ला दिला. गावाने तो मानला. काही वर्षांनी धाकट्या मुलांचे पक्के दात डागांवाचून उगवू लागले.

कारण उमगण्यास मात्र १९३१ साल उजाडावे लागले. आर्कान्सा प्रांतातील बॉक्साइट या खाणीच्या गावीही असेच डाग होते. तेथील ॲल्युमिनियम कंपनीचे रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी नव्या पद्धतीने पाण्याचे पृथक्करण केले तेव्हा त्यात फ्लोराइडचे प्रमाण फार मोठे निघाले. इतके की, नमुन्यात काही दोष असावा असे वाटून त्यांनी दुसरा नमुना मागवला. मॅके यांनी गोळा केलेल्या इतर गावांच्या नमुन्यांतही तेच सापडले. म्हणजे ओकलीच्या पालकांनी जे नुसत्या डोळ्यांनी ओळखले होते, ते प्रयोगशाळेला आठ वर्षांनी समजले. ही हकीकत लिहून विद्यार्थिनीने खाली टिपले आहे: "वस्तीतील माणसे जे सांगतात ते आधी ऐकावे. ती मुलगी 'बाई, मी रोज घासते' असे म्हणाली होती. ते खरे होते."

भारतातही हा प्रश्न नवा नाही. १९३७ साली त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातील फ्लोराइडजन्य रोगाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत आले. त्यात केवळ दातांचे विकार नव्हते. दीर्घकाळ असे पाणी पिणाऱ्या माणसांची पाठ ताठरलेली व सांधे आखडलेले आढळले होते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांना या पाण्याचा उपद्रव माहीत आहे. केंद्र शासनाने २००८-०९ सालापासून या रोगाच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.

फ्लोराइड पाण्यात येते ते खडकातून. काही खडकांतील खनिजांत ते असते. पाणी अशा खडकांच्या भेगांत दीर्घकाळ राहिले म्हणजे ते हळूहळू विरघळते. उथळ विहिरीत दरवर्षी पावसाचे नवे पाणी उतरते, म्हणून तेथे ते सामान्यतः कमी असते. खोल विंधन विहिरीत जुने, मुरलेले पाणी लागते, म्हणून तेथे ते अधिक असण्याचा संभव असतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १ लिटर पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. अल्प प्रमाणात हेच द्रव्य दात किडण्यापासून वाचवते. अधिक झाले की तेच अपाय करते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण थोडे वाढते. फडक्याने गाळूनही ते जात नाही. यास्तव "गाळून, उकळून प्या" हा शाळेतील नेहमीचा उपदेश येथे अपुरा पडतो.

मग या अपायाचा दोष कोणाचा? विद्यार्थिनी प्रथम हापशी बसविणाऱ्यांवर रागावली. परंतु मुख्याध्यापकांनी तिला नारूची आठवण करून दिली. जुन्या काळी पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरत, पाय पाण्यात पडत, आणि नारूची बाधा गावभर पसरे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या तेव्हा खडक फोडून खोल पाणी काढणारी यंत्रे आली. सोलापूरच्या हातपंपाच्या धर्तीवर तयार झालेला मजबूत पंप पुढे देशभर गावोगाव बसला. बंद तोंडाच्या त्या विहिरींमुळे पटकी, हगवण, नारू यांना पुष्कळ आळा बसला. नारूचा देशातील शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. हे उपकार विसरून चालणार नाही. एका रोगातून सोडवणाऱ्या उपायाने काही ठिकाणी दुसरा रोग दाराशी आणला, असा हा गुंतागुंतीचा प्रकार आहे.

तथापि खडक निर्दोष आहे म्हणून अन्याय नाही, असे होत नाही. हे ध्यानात येण्यास विद्यार्थिनीला आणखी काही दिवस लागले. गावच्या वरच्या आळीतही एक हापशी होती व तिचेही पाणी पिण्याजोगे नव्हते. पण त्या आळीतील पुष्कळ घरांनी वीस लिटरचे पाण्याचे जार लावले होते. दोन घरांत शुद्धीकरणाची यंत्रे होती. जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्या एका मुलाने पाण्याचा तपासणी अहवाल वाचून घरच्यांना सावध केले होते. ओढ्यापलीकडे असे सांगणारे कोणी नव्हते, आणि कोणी सांगितले असते तरी जारला लागणारे रोजचे पैसे मजुरीतून निघाले नसते. शिवाय ज्यांच्या आहारात दूध, पालेभाज्या, आवळा, पेरू नाहीत, म्हणजे चुना व क जीवनसत्त्व कमी आहे, त्यांच्या शरीराला फ्लोराइडची बाधा अधिक होते. खडक सगळ्यांना सारखाच असला, तरी पाण्याचा उपसर्ग गरिबाच्या घरी अधिक खोल जातो. विद्यार्थिनीने येथे एक वाक्य लिहून त्याखाली रेघ ओढली आहे: "पाणी कसे आहे एवढे विचारून भागत नाही, ते कोण पितो, आणि दुसरे पाणी मिळण्याची सोय कोणाला नाही, हेही विचारले पाहिजे."

या दुसऱ्या प्रश्नाचा महाराष्ट्राला जुना परिचय आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले करण्याचा ठराव संमत केला. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ साली चवदार तळे खुले केले. पण ते केवळ कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर कोर्टकचेऱ्या चालल्या आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. साऱ्या गावाचे म्हणून कागदावर लिहिलेले पाणी प्रत्यक्षात ओंजळीत येईपर्यंत किती अंतर चालावे लागते, हे महाडने शिकवले. आजही एखाद्या गावी चांगल्या पाण्याची विहीर एका वस्तीत आणि सदोष हापशी दुसऱ्या वस्तीत असेल, तर सदोष हापशीला लाल रंग फासून काम संपत नाही. त्या वस्तीतील बाईला चांगल्या विहिरीवर घागर निःसंकोचपणे लावता येते की नाही, हे पाहावे लागते.

येथवर विद्यार्थिनीचे चिंतन झाले. आता शिक्षकाच्या हातात काय आहे, याचा विचार करणे उचित होईल, कारण पक्के दात उगवतात ते सहा ते बारा या वयात, म्हणजे मूल प्राथमिक शाळेत असतानाच. गावात हा विकार सर्वांआधी दिसतो तो वर्गात बसलेल्या शिक्षकाला.

प्रथम, डागाची पारख. न घासल्याने साचलेला मळ बहुधा हिरडीच्या कडेला असतो व निघतो. फ्लोराइडचे डाग दातांवर आडव्या पट्ट्यांसारखे, उजव्या-डाव्या जोडीच्या दातांवर सारखे, आधी खडूसारखे पांढुरके व पुढे पिवळे वा तपकिरी दिसतात, आणि घासून निघत नाहीत. एकाच वस्तीतील अनेक मुलांत असे दिसले तर शिक्षकाने निदान स्वतः करू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवावे. ज्या मुलांचे गुडघे आत वळलेले किंवा सांधे आखडलेले वाटतात, त्यांच्याकडे त्यांचे विशेष लक्ष वेधावे.

दुसरे, शाळेचे पाणी. मूल दिवसाचा मोठा भाग शाळेत घालवते. तेथील पाणी पिते आणि त्याच पाण्यात शिजलेला पोषण आहार खाते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमात प्रत्येक शाळेला सुरक्षित व पुरेसे पिण्याचे पाणी असावे असे सांगितलेले आहे. शाळेच्या हापशीच्या पाण्याची रासायनिक तपासणी झाली आहे काय, अहवालात फ्लोराइडचा आकडा किती आहे, हे ग्रामपंचायतीकडे लेखी विचारण्याचा शाळा व्यवस्थापन समितीला पूर्ण अधिकार आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातील किमान पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्या पाचांत सदोष हापशीच्या वस्तीतील एक तरी बाई असावी, असा आग्रह शिक्षकाने ग्रामसभेत धरावा.

तिसरे, अध्यापन. ज्या घागरीत १५ लिटर पाणी मावते, तीत लिटरला १.५ मिलिग्रॅम या हिशेबाने फ्लोराइड किती, हे उदाहरण गणिताच्या तासाला सहज सोडवता येते; उत्तर २२.५ मिलिग्रॅम. भूगोलाच्या तासाला गावचे पाणवठे नकाशावर मांडता येतात. चौथीची मुलेही आजी-आजोबांना विचारून कोणत्या वर्षी कोणती विहीर आटली, हापशी केव्हा आली, याची यादी करू शकतात. ही माहिती ग्रामसभेपुढे आली तर तिला वजन येते.

उपायांविषयी खोटी आशा मात्र देऊ नये. पडलेला डाग घासून जात नाही. पाण्यातील फ्लोराइड तुरटी व चुना यांच्या साह्याने कमी करण्याची पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली. ती नळगोंडा पद्धती या नावाने प्रसिद्ध आहे. इतरही संयंत्रे आहेत. पण रोज निगा राखणारा माणूस आणि खर्चाची तरतूद नसेल तर कोणतेही संयंत्र बंद पडते. म्हणून शक्य तेथे निर्दोष पाण्याचा दुसरा साठा, म्हणजे उथळ विहिरीचे पुनर्भरण, पावसाचे साठवलेले पाणी किंवा दुरून आणलेला नळ, हाच खरा आधार. सदोष पाणी धुण्यासाठी, भांड्यांसाठी वापरण्यास हरकत नाही. पिण्यास व स्वयंपाकास ते नको, हा भेद मुलांना नीट समजावून द्यावा.

आणखी एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. वस्तीच्या पाण्याविषयी बोलताना वस्तीलाच बट्टा लागू नये. "अमुक वस्तीची पोरे" असा शब्द एकदा रूढ झाला की तो मुलींच्या लग्नापर्यंत पोहोचतो. दोष पाण्याचा आहे, माणसांचा नाही, हे शिक्षकाने प्रथम स्वतःच्या बोलण्यातून दाखवले पाहिजे.

सराव पाठांचा काळ संपण्यापूर्वी विद्यार्थिनीने चौथीच्या वर्गात पाण्यावर एक पाठ घेतला. प्रारंभीच तिने सर्वांसमोर सांगितले की, मागे दातांविषयी बाईंनी जे म्हटले ते चुकीचे होते. ही मुलगी खरे बोलत होती. वर्ग गप्प झाला. मुलगी काही बोलली नाही. पाठाच्या शेवटी वाचन आले तेव्हा ती आपणहून उठली. तोंडावर हात ठेवूनच तिने वाचले, पण वाचले. या पाठाला निरीक्षकांनी बेताचेच गुण दिले, कारण पाठ ठरलेल्या वेळेत संपला नाही.

त्या मुलीचा धाकटा भाऊ अंगणवाडीत आहे. त्याचे पक्के दात अजून हिरडीखाली घडत आहेत. येत्या काही वर्षांत तो जे पाणी पिईल ते त्याच्या दातांवर उमटेल. टिपणवहीच्या शेवटच्या पानावर विद्यार्थिनीने त्या हापशीच्या पाण्याच्या तपासणीसाठी ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची नक्कल उतरून ठेवली आहे. अर्जाखाली मुख्याध्यापकांची सही आहे, आणि तिच्या खाली मुलीच्या आईचा अंगठा.